ठिपक्याचे तीन ग्लास

चहा संपला, कपिलने ग्लास उलटा केला आणि बुडाशी लाल ठिपका दिसला. झालं ते एवढंच. बावन्न वर्षांच्या माणसाने, तेही तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनाने, नव्याकोऱ्या कॅफेत बसून रिकाम्या ग्लासाचं बूड बघावं हे काही शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण ही खोड बापाकडून आली होती, आणि बापाच्या खोडी आपल्यात कधी शिरल्या हे पन्नाशी उलटल्यावरच कळतं. ठिपका टिकलीएवढा, काळपट लाल, कडेने थोडा खरवडलेला. आत नाही, बाहेरून, काचेच्या खोलगट बुडात. कुणीतरी मुद्दाम दिलेला. त्याने मान वर केली. कॅफेचा मालक विकास पलीकडे शिडीवरच्या इलेक्ट्रिशियनशी हुज्जत घालत होता, दिवा नेमका बाकावर पडला पाहिजे म्हणून. कपिल उठला. भिंतीतल्या काचेच्या फळीवर तसलेच दोन ग्लास मांडून ठेवले होते, खाली पितळी पट्टी, ‘हॉटेल मेहबूबचे मूळ ग्लास’. त्याने एक उचलून पाहिला. ठिपका. दुसरा उचलला. ठिपका. कॉलेजची तीन वर्षं, सुट्ट्या वगळून रोज दोनदा त्याने मेहबूबमध्ये चहा घेतला होता, आणि बुडाला ठिपका असलेला ग्लास त्याच्या हातात आज पहिल्यांदा येत होता. ग्लास त्याने जागच्या जागी ठेवले आणि खिशातून रुमाल काढून उगाचच बोटं पुसली.

“काय बघतोस? ओरिजिनल आहेत, बाबा,” विकास येऊन म्हणाला आणि खांद्यावर हात टाकला. विकास म्हणजे कॉलेजच्या पहिल्या दिवसापासूनचा मित्र. आता फार्महाऊसचे प्लॉट विकतो, पांढरे बूट घालतो, बोलताना समोरच्याचा दंड धरतो. “तीनच वाचले बघ. बाकीचे फुटले. एक फळीवरनं काढून तुझ्यासाठी चहा ओतला, म्हटलं आपला माणूस आपल्या ग्लासात पिऊ दे.” आपल्या ग्लासात. कपिल हसला. हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून तो आजूबाजूला बघत राहिला. बाकं मेहबूबची होती, खरीखुरी. पॉलिश मारून त्यांच्या अंगावरची कर्कटकाने कोरलेली नावं तेवढी घालवली होती. ‘बाहेरचे पदार्थ आणू नये’ ही पाटीही तीच. वर मात्र रंगीत अक्षरांत ‘चाचाचा कट्टा’, त्याखाली हिरव्या ठिपक्याशेजारी ‘शुद्ध शाकाहारी’, आणि खाण्याच्या यादीत पहिलंच ‘चाचा स्पेशल सोया खिमा’. मेहबूबचे मालक इसाकचाचा हे वाचायला असते तर सुपारी तोंडात तशीच धरून थांबले असते. “रविवारी अकराला उद्घाटन,” विकास सांगत होता, “नम्रता येतेय पनवेलहून, नवीन तर इथलाच. आपण चौघं याच बाकावर बसायचं, पहिला चहा आपला. आणि ती भिंत तुझी. चार ओळी लिहायच्यात, तुझ्या अक्षरात. कॉलेजचं भित्तिपत्रक काढायचास ना, तसल्या. मेहबूबबद्दल तुझ्याइतकं कोण बोललंय सांग. आपण कसे एकत्र, भेदाभेद नाही, ते सगळं. लोकांना आवडतं असलं.” कपिलने भिंतीकडे पाहिलं. चुना ओला होता. तो म्हणाला, लिहितो.

खरं तर लिहायला त्याला रविवार लागायचं कारण नव्हतं. ते वाक्य त्याच्या तोंडात तीस वर्षं तयार होतं. लेकीला शाळेत निबंध होता तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, वस्तीतल्या जयंतीच्या भाषणात दर दोन वर्षांनी तो ते सांगायचा, की कर्जतसारख्या गावात, कॉलेजच्या वळणावर, एका मुसलमानाच्या हॉटेलात, एका बाकावर आम्ही चौघं बसायचो, एकसारख्या ग्लासातून चहा प्यायचो आणि कुणी कुणाला विचारलं नाही तू कोण. मेहबूब आठवायला त्याला डोळे मिटावे लागत नसत. दाराशी स्टोव्हचा घरघराट, त्यावर कायम उकळणारं पातेलं, मागच्या खोलीतून येणारा खिम्याचा वास, त्यात आलं जास्त. संगमरवराची म्हणून सांगितली जाणारी टेबलं, पाणी सांडलं की ज्यांच्यावर बोटाने सही करायची. चाचा गल्ल्यावर, पोरगा मुनाफ चहावर, आणि पडद्याआड चाची, म्हणजे झोहराचाची, जिचा आवाज येई पण हातापलीकडे काही दिसत नसे. तिथे नम्रताने पहिली कविता वाचली आणि नवीनने ती झोडपून काढली. तिथेच निकाल कळले. तिथेच एका मुलीवरून विकास आणि नवीन चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते, तरी त्याच बाकावर बसत होते. मेहबूबच्या पलीकडे कॅसेटचं दुकान, त्यापलीकडे रसवंती, मग नदीवरचा जुना पूल, जिथे कठड्यावर बसून दहिवलीकडचे दिवे लागताना बघायचे. आता कॅसेटच्या दुकानात मोमो मिळतात, रसवंतीच्या जागी प्लॉटचं ऑफिस, तेही विकासचंच. आणि मेहबूब रस्तारुंदीत गेलं त्याला अकरा वर्षं झाली. ते पाडलं त्या दिवशी कपिलने कचेरीत रजा टाकली होती आणि समोरच्या फुटपाथवर उभा राहून रडला होता. बापाच्या मातीलाही तो इतका रडला नव्हता, असं जागृती, त्याची बायको, अजून म्हणते.

बाप, दामू, भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीत माळीकाम करायचा. कपिल कॉलेजात जायला लागला त्या आठवड्यात त्याने बाकी काही विचारलं नाही. कोणते विषय घेतलेस, मास्तर कसे आहेत, काही नाही. रात्रीच्या भाकरीला बसताना एवढंच म्हणाला, “हाटेलात जातंस का रं?” जातो म्हटल्यावर त्याने भाकरी मोडली. मग, “ग्लास कंचा देतात?” कपिलला आधी कळलंच नाही. बाप समजावून सांगू लागला, अगदी खताचं माप सांगावं तशा कोरड्या सुरात. आमच्या वेळंला घाटाखालच्या टपरीवर आमचे कप बाहेर खुंटीला. मग कायदा आला, लोक बोलायला लागले, तर मालकानं कप आत घेतले. सगळे एकसारखे. आमी खूश. वरीसभर प्यालो. मंग एकदा कप हातातनं निसटला न उलटा पडला, तर बुडाला निळी रेघ. आमच्याच कपांना. “तवापासनं मी बुडाला बघतो,” बाप म्हणाला, “तू बी बघ. वरनं समदं सारखंच आसतं.” कपिलला राग आला होता. बापाचा, त्या टपरीवाल्याचा, आणि आपल्या इतक्या चांगल्या नव्या जागेवर बाप आपला जुना चिखल आणून टाकतोय याचा. पण दुसऱ्या दिवशी चहा संपल्यावर त्याने हळूच ग्लास कलता करून पाहिला. स्वच्छ. परवाही पाहिला, तेरवाही. महिनाभर पाहिला. बूड लख्ख, आरपार बोटं दिसतील असं. मग घरी जाऊन त्याने बापाला सांगितलं की काही नाही, मी रोज बघतोय, माझ्या ग्लासाला काही नाही. बाप म्हणाला, “बरं झालं.” त्या दिवशी त्याला भाकरी जास्त गेली, हे कपिलला पक्कं आठवतं. माझ्या ग्लासाला काही नाही. कॅफेतून स्कूटरवर घरी येताना कपिल ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याने फक्त स्वतःचा ग्लास बघितला होता. बाजूला तीन ग्लास असायचे, हाताच्या अंतरावर, आणि त्यातला एकही उलटा करावा असं त्या शहाण्याला महिनाभरात सुचलं नव्हतं. बापाने सांगितलं होतं की खूण आपल्या कपाला असते. खूण त्यांच्याही ग्लासाला करता येते, उरलेला ग्लास आपोआप वेगळा होतो, एवढी सोपी गोष्ट बापालाही सुचली नव्हती.

जागृतीने सगळं ऐकून घेतलं, कांदा चिरायचा न थांबवता. “तीस वर्षांनी ग्लास उलटे करत बसलात,” ती म्हणाली. “विकासभाऊजींना विचारायचं सरळ. तोंड आहे ना.” विचारायचं. काय विचारायचं? कचेरीत संशय घेण्याचाच तो पगार खात होता. फेरफारावरची सही खरी की मागाहून केलेली, वारसाचं नाव राहिलं की वगळलं, हे तो कागद नुसता उजेडात धरून सांगायचा. आता त्याने आपलंच जुनं दप्तर उजेडात धरलं, आणि एकेक पान संशयास्पद दिसायला लागलं. मुनाफ चहा आणायचा तेव्हा तीन ग्लास तारेच्या जाळीत असायचे आणि चौथा त्याच्या दुसऱ्या हातात. तो चौथा कपिलचा. कपिलला वाटायचं, आपल्याला मान आहे, आपला चहा हातावरून येतो. विकासच्या घरी गणपतीला गेलो होतो तेव्हा जेवण ओसरीवर वाढलं होतं. चौघांनाही ओसरीवरच वाढलं होतं का? नवीन आत बसला होता, पण तो आरतीला टाळ वाजवत होता म्हणून. की म्हणून नव्हे? नम्रता त्याच्या डब्यातली चटणी चाटूनपुसून खायची, हे खरं. पण भाकरीला हात लावायची नाही, म्हणायची मला भाकरी पचत नाही. भाकरी न पचणारी माणसं असतात की. असतात का? असं करत त्याने तीन वर्षं पार उसवली. आणि उसवताना मधेच एक टाका असा यायचा की तो निघेच ना. शहाण्णव साली बाप पनवेलच्या दवाखान्यात होता, रक्त लागत होतं, कपिलचं जुळत नव्हतं. विकास रात्रीची गाडी पकडून आला, बाही वर केली आणि बाटली देऊन परत गेला. सकाळी बापाने विचारलं, कुणाचं रगत? विकासचं सांगितल्यावर बाप छताकडे बघत पडून राहिला. म्हणजे रक्त चाललं. आणि ग्लास? जागृतीने ताट पुढे ठेवलं. “जेवा आधी,” ती म्हणाली, “आणि जीव जाळून घेऊ नका. तुम्हाला ते हॉटेल आमच्यापेक्षा प्यारं आहे, मला माहितीये.” तिचं खरंच होतं, आणि म्हणूनच त्याची भूक मेली होती. ती तीन वर्षं खोटी निघाली तर आपल्याकडे दुसरं काय आहे, हा प्रश्न त्याने ताटासमोर बसून स्वतःला विचारला आणि त्याला मनापासून भीती वाटली.

शुक्रवारी कचेरी सुटल्यावर तो घराकडे न वळता खालापूरहून कुंभिवलीला गेला. मेहबूब पाडल्यावर मुनाफने तिथे हायवेला ट्रकच्या बॅटऱ्या आणि वायरिंगचं दुकान टाकलं होतं. मुनाफ आता पंचावन्नचा, दाढी पांढरी, हात तेच, काळे. कपिलला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. “काय साहेब, रस्ता चुकला?” इकडचं तिकडचं झाल्यावर कपिलने विषय काढला, विकासच्या कॅफेत जुनं सामान बघितलं म्हणून. “हां, तो टेंपो घेऊन आला होता,” मुनाफ म्हणाला, “बाकं, पाटी, पातेली, समदं नेलं. मी म्हटलं ने, इथं गंजतंयच.” ग्लास? “ग्लास पण. पोतंभर. चाळीसेक असतील.” चाळीस. आणि फळीवर तीन, तेही ठिपक्याचे तेवढेच. बाकीचे सदतीस फुटले. कपिलच्या डोक्यातला कारकून ताठ होऊन बसला. “तुला बोलावलंय का रे रविवारी?” त्याने विचारलं. मुनाफ बॅटरीची झाकणं उघडत होता. “मेसेज आलाय. समद्यांना जातो तसला.” मग म्हणाला, “अम्मी आत हाय. भेट तिला. तुझी आठवण काढती कधीकधी, तो भिवपुरीचा कुठं असतो म्हणून.”

झोहराचाची दुकानामागच्या खोलीत खाटेवर बसली होती. इतक्या वर्षांत कपिलने तिचा चेहरा नीट पाहिला तो आताच; आधी नुसते हात होते, पडद्याच्या फटीतून बशी पुढे करणारे. हातांवरून त्याने तिला ओळखलं. आधी तब्येतीचं, मग मुनाफच्या सुनेचं, मग चाचांचं बोलणं झालं, आणि मग त्याने आडूनआडून विचारायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून एकदम विचारलं, “चाची, त्या ग्लासांना ठिपका कशाचा होता?” तिने त्याच्याकडे पाहिलं. लपवायचं काही आहे असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं, उलट गंमतच वाटली. “नखांचा रंग,” ती म्हणाली. “माझ्या लग्नातली बाटली. नमाजाला चालत नाय ना तो लावलेला, म्हणून तशीच पडलेली. पोरांसाठी उघडली.” कोणत्या पोरांसाठी? “तुझेच दोस्त रं. तो गोरा, उंच, विकास. तुमचं कालेज सुरू झालं त्याच आठवड्यात एकटाच आला मागल्या दारानं. लाजत होता बिचारा. म्हणतो, चाची, घरी कळलं तर मारतील, तुमच्याकडं मटण होतं, तर आमचे ग्लास जरा बाजूला ठेवाल का, वेगळे धुवाल का? चाचा चिडले. म्हणाले, नसंल चालत तर येऊ नये. मी म्हटलं, पोरं हायेत, धंदा हाय, मी ठेवते. मंग ओळखू कसे यायचे, म्हणून ठिपका केला.” तिने हातातली जपाची माळ बाजूला ठेवली. “मी चार केले होते. तुमी चौघं बसायचा ना. त्यानं मोजून घेतले न एक परत दिला. म्हटला, तीनच लागतील. मी म्हटलं, न चौथ्याचं? तर म्हणतो, त्याला चालतं.” खोलीत बाहेरच्या ट्रकांचा आवाज येत होता. चाची हसली. “मला बरं वाटलं रं तवा. म्हटलं, एक तरी पोर आपल्या ग्लासातनं पितंय. आमी घरची माणसं ज्यात प्यायचो त्यातलाच तुला द्यायची मी. मुनाफला सांगून ठेवलेलं, त्याचा हातात ने, जाळीत नको मिसळू.”

कपिलला वाटलं होतं की खरं कळलं की एक काहीतरी होईल, राग तरी येईल नाहीतर सुटल्यासारखं तरी होईल. दोन्ही एकदमच आलं आणि त्यापुढे तिसरं काहीतरी आलं जे त्याला ओळखू येईना. ती शरम होती, हे थोड्या वेळाने कळलं. चार दिवस तो आपल्या ग्लासाचा विचार करत होता. या बाईने स्वतःच्या लग्नातली बाटली उघडून, आपल्या घराला बाटवणारं समजणाऱ्या पोरांसाठी ठिपके काढले होते, आणि तिच्या ग्लासाचा विचार त्याला एकदाही आला नव्हता. तीस वर्षं भाषणात तो ‘मुसलमानाच्या हॉटेलात’ म्हणायचा, अभिमानाने, आणि त्या हॉटेलाला स्वतःला काय वाटत असेल हे त्याने कधी विचारलं नव्हतं. “तो चौथा काय झाला?” त्याने विचारलं. चाचीने कोनाड्याकडे बोट केलं. तिथे एक ग्लास होता, त्यात बटणं, सुया, एक तुटका चष्मा. “फेकवला नाय. नवाच होता, कुणी चहा प्यालाच नाय त्यात,” ती म्हणाली. त्याने विचारायच्या आत तिने बटणं खाटेवर ओतली, पदराने ग्लास पुसला आणि त्याच्या हातात दिला. “ने. तुझाच हाय तसा.” त्याने उलटा करून पाहिला. याचा ठिपका ताजा होता, लालभडक, कुठेही न खरवडलेला.

त्याला चालतं. परतीच्या रस्त्याला पळसदरीच्या वळणांवर कपिल तेच चघळत होता. हे शब्द कुठल्या तोंडाने म्हटले असतील? हे सरळ असू शकत होतं. कपिल खिमा खायचा, मिटक्या मारत खायचा, सगळ्यांसमोर. मग त्याला वेगळा ग्लास कशाला, त्याला चालतं, इतकं साधं. विकासला तो संशयाचा फायदा द्यायला तयार होता, मनापासून तयार होता, कारण तो दिला की बाकी सगळं परत मिळत होतं, बाक, नदी, कविता, सगळं. पण कारकून मागे बसला होता आणि तारखा विचारत होता. पहिल्या आठवड्यात, चाची म्हणाली होती. पहिल्या आठवड्यात कपिल फक्त चहा प्यायचा. मेहबूबचा खिमा त्याने पहिल्यांदा खाल्ला तो दिवाळीनंतर. मग त्याला चालतं हे विकासला कसं माहीत होतं? आणि तिथे, एका लॉरीला बाजू देताना, त्याला कॉलेजचा पहिला दिवस दिसला. फीच्या दोन खिडक्या. सवलतीच्या फॉर्मची वेगळी, तिच्यासमोर छोटी रांग, आणि त्या रांगेत कपिल, पेन नसलेला. शेजारच्या रांगेतून एक गोरा, उंच मुलगा हात लांब करून म्हणाला, “घे माझं.” त्यांची दोस्ती तिथून सुरू झाली होती. हा प्रसंगसुद्धा तो भाषणात सांगायचा. फॉर्मवर जातीचा रकाना भरला होता तो विकासच्याच पेनाने, आणि विकास खांद्यावरून बघत होता, चुकत तर नाही ना म्हणून. कपिलने स्कूटर कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पोर होता तोही, अठराचा, घरच्यांना भिणारा. रक्त दिलं त्याने पुढे. हे सगळं खरं होतं. पण अठराव्या वर्षी केलं ते विसरला असेल तर एक, आणि आठवत असूनही फळीवर दिवा लावून मांडलं असेल तर वेगळं. एवढंच आता कळायचं राहिलं होतं, आणि ते तोंडाने विचारून कळणार नव्हतं.

रविवारी तो दहालाच पोचला, रंगाची डबी, ब्रश आणि पिशवीत ग्लास घेऊन. मागच्या बाजूला पूजा चालली होती, उदबत्तीचा वास कॉफीत मिसळला होता. भिंत वाळली होती. त्याने पेन्सिलीने रेघा मारल्या, तशा, जशा भित्तिपत्रकाला मारायचा, आणि लिहिलं. लिहून झाल्यावर वर वर्तमानपत्र डकवलं. अकराला विकासने सगळ्यांना हाका मारून बाकावर बसवलं. नम्रता केस पांढरे ठेवून आली होती आणि तिला ते शोभत होतं. नवीनचे दोन माजी विद्यार्थी त्याच्या पाया पडून गेले. पन्नासेक माणसं जमली होती, बहुतेक शनिवार-रविवारची बंगलेवाली, फोन वर धरून. मुनाफ दिसत नव्हता. विकासने स्वतः जाळीतून तीन ग्लास आणले आणि चौथा नवा, कॅफेचा, त्यावर मिशीवाल्या चाचाचं चित्र. “मला यात दे,” कपिल म्हणाला आणि पिशवीतून ग्लास काढून टेबलावर ठेवला. विकासचा हात किटलीवरच राहिला. “हा कुठला?” “चाचींनी दिला.” “असं,” विकास म्हणाला, आणि त्याने ओतला. चहा बाहेर सांडू न देता, अगदी काठापर्यंत. मग मोठ्याने हसून त्याने नम्रताला भिंतीवरचा कागद काढायला सांगितलं.

कागद निघाला. लोकांनी फोन पुढे केले. भिंतीवर कपिलच्या वळणदार अक्षरात होतं:

*इथे आम्ही चौघं बसायचो.*
*ठिपक्याचे ग्लास तीन होते.*

खाली तारीख आणि सही. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, एक बाई म्हणाली, किती छान, कवितेसारखं. “चार ओळी म्हटलं होतं ना,” विकास म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचाच होता. “दोनच सुचल्या,” कपिल म्हणाला. त्याने आपला ग्लास उचलला आणि पहिला घोट घेतला. आलं कमी होतं. डोळ्यांना पाणी आलं तेव्हा त्याने ते पुसलं नाही, त्याला त्याचं काही वाटलंही नाही. नम्रता भिंतीकडे बघत होती. मग तिने भुवया आकसल्या, चहा घाईने संपवला आणि ग्लास उलटा केला. बोटाने ठिपका चाचपला. तिने कपिलकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकं सरळ न कळणं होतं की चटणी आणि भाकरीवरचा त्याचा सगळा संशय त्याच्याच अंगावर आला. “हे काय आहे?” ती म्हणाली. नवीनने चष्मा वर केला, आपल्या ग्लासातला उरलेला चहा बशीत ओतला आणि त्यानेही ग्लास उलटा करून उजेडात धरला. “अरे, याला पण आहे,” तो म्हणाला, “हे कधीपासून?”

कपिलने विकासकडे पाहिलं. विकासचा ग्लास समोर होता, रिकामा, हाताशी. दोन्ही मित्र ग्लास उलटे करून ठिपके बघत होते, आणि विकास त्यांच्याकडे न बघता टेबलावर सांडलेला एक थेंब बोटाने पुसत होता. आपला ग्लास त्याने उलटा केला नाही. त्याच्या बुडाला काय आहे हे त्याला बघावं लागत नव्हतं.